चकाचक दस्ता आणि पुसून टाकलेला डेटा

पीएचडीच्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज शोधनिबंध बाजूला ठेवू आणि वेगळ्याच गोष्टीचं परीक्षण करू: जुन्या लष्करी रायफलचा लाकडी दस्ता 'नवा' करून दाखवणारे व्हिडिओ. साचा ठरलेला असतो. काळपट, तेलकट दस्ता. मग ओव्हन साफ करायचं कॉस्टिक. मग पॉलिश पेपर. मग अळशीच्या तेलाचे हात. आणि शेवटी शेजारीशेजारी दोन फोटो. बघायला मजा येते, मान्य. पण पुरावा म्हणून हे कितपत टिकतं?

आपल्याला माहीत असलेलीच रायफल घेऊ. .३०३ ली-एनफिल्ड. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती बनली आणि आपल्या पोलिसांनी कित्येक दशकं वापरली. २६ नोव्हेंबर २००८ ला तेव्हाच्या सीएसटी स्थानकावरच्या पोलिसांकडेही हीच होती. ईशापूरच्या बऱ्याच रायफलींच्या पुढच्या लाकडात मजबुतीसाठी एक आडवा स्क्रू दिसतो. काही रायफलींची नळी मोठी करून पोलिसांसाठी .४१० मस्केट केली गेली. त्यात एका वेळी एकच काडतूस भरता यावं म्हणून मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला. आता व्हिडिओवाल्याच्या नजरेने बघा. स्क्रू म्हणजे 'कुणीतरी केलेली डागडुजी', ठोकळा म्हणजे 'भंगार', ठसे आणि क्रमांक म्हणजे 'ओरखडे'. भोक बुजवलं, ठोकळा फेकला, वरून पॉलिश पेपर मारला. झालं! ही रायफल कुठे बनली, कुणाकडे होती, काय बदल झाले, हे सांगणारा पुरावाच गेला. ग्राफ गुळगुळीत दिसावा म्हणून मूळ नोंदी डिलीट करण्यासारखंच आहे हे. शिवाय लाकूड घासलं की ते लोखंडी भागांच्या पातळीखाली जातं, आणि घासलेलं लाकूड परत येत नाही.

दुसरा दावा: 'तेल लाकडाला पोसतं.' लाकूड मेलेलं असतं, त्याला पोसणार काय? अळशीच्या तेलात साधारण निम्मं लिनोलेनिक आम्ल असतं. त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात. हवेतला ऑक्सिजन तिथे जोडला जातो, रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि घट्ट थर तयार होतो. म्हणजे तेल 'वाळतं' तेव्हा त्यातलं पाणी उडत नसतं, रासायनिक क्रिया चालू असते. हा थर नंतर सहज विरघळत नाही. तेल लावणं मुळातच चूक आहे, असं नाही. सैन्यात अळशीचं तेलच लावायचे. चूक आहे ती 'आता ओल शिरणार नाही' या वाक्यात. इथे भुईगावात, समुद्राच्या वाऱ्यावर, पॉलिश केलेली दारंसुद्धा पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात सुमारे ९ टक्के ओलावा असतो. ती ८० टक्के झाली की सुमारे १६ टक्के. लेप हा बदल लांबवतो, थांबवत नाही.

तिसरी गोष्ट त्या दोन फोटोंची. पहिला फोटो मंद उजेडात, दुसरा ओल्या तेलाच्या चमकेवर. तुलनेसाठी न घासलेला तुकडा नाही. एका पावसाळ्यानंतरचा फोटो तर कुणीच दाखवत नाही. 'चांगलं दिसतं' आणि 'चांगलं टिकतं' ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि व्हिडिओ पहिल्याच्या जिवावर दुसरं विकतो.

हात न लावणं हाच उपाय, असंही माझं म्हणणं नाही. बुरशी किंवा वाढत जाणारी भेग असेल तर काम करावंच लागतं. संग्रहालयातले संवर्धक आधी फोटो आणि मापं घेतात, मऊ ब्रशने धूळ काढतात, आणि शक्यतो परत उलटवता येईल तेवढंच करतात. तुमच्या संशोधन पद्धतीलाही हाच क्रम लागू आहे.

तपासून बघायचंय? रायफल लागत नाही; .३०३ सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर आहे, त्या भानगडीत पडूच नका. सुताराकडून एकाच फळीचे तीन सारखे तुकडे आणा. एक कोरा ठेवा, एकाला अळशीचं तेल, एकाला पॉलीयुरेथेन. तेल लावलेली चिंधी चुरगाळून टाकू नका. वाळताना उष्णता निघते आणि ती आपोआप पेटू शकते. पाण्यात भिजवून मगच फेका. लेप पूर्ण वाळले की मे महिन्यापासून दर रविवारी तिन्ही तुकड्यांचं वजन करा. सुरू करण्याआधी अंदाज वहीत लिहा, तारखेसकट. माझा अंदाज: तिन्ही जड होतील, फरक पडेल तो वेगात. दसऱ्यानंतर आपापले आकडे कळवा. माझा अंदाज चुकला असेल तर ते आधी कळवा.