कंट्रोलचे कापड आणि नृत्यनाट्याचा वेश

नृत्यनाट्याची समीक्षा करताना आपल्याकडे पदन्यास, अभिनय, संगीत आणि कथावस्तू ह्यांचा विचार सविस्तर होतो. वेशाची मात्र ‘वेशभूषा समर्पक होती’ एवढ्या तीन शब्दांत बोळवण केली जाते. ती कशास समर्पक होती, आणि प्रेक्षागृहात बसलेल्या माणसांच्या अंगावर त्या वेळी काय होते, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. शांततेच्या काळात ही उपेक्षा एक वेळ खपून जाते. युद्धकाळातील नृत्यनाट्यांविषयी लिहिताना ती खपू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत अंधेरी येथे जी नृत्यनाट्ये उभी राहिली, त्यांच्या साध्या वेशाचे कौतुक बरेच झाले आहे. तो साधेपणा नेमका कोणत्या प्रकारचा होता, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न बाभुळगावात बसून विचारण्यास एक कारण आहे. यवतमाळ आणि धामणगाव ह्यांच्या दरम्यानचे हे तालुक्याचे गाव कापसाच्या काळ्या जमिनीत वसले आहे. वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणून बाजारात ओळखला जाई, आणि त्याचे एक मोठे गिऱ्हाईक जपान होते. १९४१ च्या जुलैत जपानशी व्यापार गोठला आणि डिसेंबरात युद्धच सुरू झाले. ते गिऱ्हाईक गेले. पुढे ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम आली आणि कपाशीच्या जमिनीत ज्वारी पेरण्याचा आग्रह सुरू झाला. इकडे गिरण्यांच्या उत्पादनाचा मोठा वाटा लष्कराकडे वळला. १९४३ च्या मध्यापर्यंत कापडाचे भाव युद्धपूर्व भावांच्या चार-पाच पटींवर गेले. त्या जूनमध्ये सरकारने सूत व कापड नियंत्रणाचा हुकूम काढला, आणि गिरणीचे कापड अंगावर किमतीचा शिक्का घेऊन बाजारात येऊ लागले. ‘कंट्रोलचे कापड’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून मराठी घरांत रुळला. ज्याच्या शेतात कापूस फुटतो त्यालाच धोतरजोडीसाठी रांगेत उभे राहावे लागावे, ही त्या काळाची विसंगती वऱ्हाडाइतकी उघड अन्यत्र क्वचितच झाली असेल.

टंचाईचा आणि नृत्यवेशाचा संबंध पाश्चात्य देशांतही आला. पण त्याचे स्वरूप निराळे होते. १९४० च्या मे महिन्यात हॉलंडवर जर्मन आक्रमण झाले, तेव्हा तेथे दौऱ्यावर असलेल्या इंग्लंडच्या सॅडलर्स वेल्स बॅले मंडळीला आपले पोशाख, पडदे व स्वरलिपी मागे टाकून पळ काढावा लागला. १९४१ च्या जूनपासून इंग्लंडात कपड्यांसाठी कूपने लागू झाली. तरीही १९४६ च्या २० फेब्रुवारीस कॉव्हेंट गार्डन पुन्हा उघडले ते ‘स्लीपिंग ब्यूटी’च्या राजेशाही थाटानेच, ऑलिव्हर मेसेलने आखलेले ते पोशाख टंचाईतून सिद्ध केलेले होते, परंतु टंचाई लपवणे हेच त्यांचे काम होते. अमेरिकेत उलटा प्रवास घडला. चामड्याच्या जोड्यांवर नियंत्रण आले, नृत्याच्या सपाता त्यातून सुटल्या, आणि क्लेअर मकार्डेल ह्या वेशरचनाकर्त्रीने त्याच सपाता रस्त्यावरच्या पोशाखाला जोडून दिल्या. नर्तकीचे पादत्राण कचेरीत जाणाऱ्या स्त्रीच्या पायांत आले. रंगमंचावरून रस्त्यावर, ही तेथील दिशा. अंधेरीस जे घडले त्याची दिशा रस्त्यावरून रंगमंचाकडे होती.

महाराष्ट्रात रंगभूमीने रस्त्याला वेश पुरवला तो बालगंधर्वांच्या काळात. त्यांचे शालू, पैठण्या, केशरचना आणि गजरे ह्यांचे अनुकरण घराघरांतील स्त्रियांनी केले. तो काळही काही अंशी युद्धाचाच होता. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली, ‘स्वयंवर’ १९१६ साली रंगभूमीवर आले; पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस कापड महागले, तरी मंडळीच्या वैभवाला ओहोटी लागली नाही. कर्ज मात्र वाढले. १९१९ च्या फेब्रुवारीत बडोद्यास ‘एकच प्याला’ झाले. त्यातील सिंधू दारिद्र्याने गांजलेली. पण तिच्या भूमिकेत बालगंधर्व रेशमी वस्त्रालाच ठिगळे लावून येत, अशी आठवण नाट्यरसिकांत सांगितली जाते. ह्या आठवणीवर वास्तववादी टीकाकार हसत आले आहेत. रेशमावरचे ठिगळ हे दारिद्र्याचे सोंग आहे, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. तथापि त्या सोंगात ठिगळ होते, ही गोष्ट आपण लक्षात ठेवू. तिच्याकडे पुढे परत यावयाचे आहे.

नृत्याच्या क्षेत्रात युद्धापूर्वीची परंपरा शिल्पसदृश वेशाची होती. मेनका, म्हणजे लीला सोखी, ह्यांनी खंडाळ्यास नृत्याची शाळा काढली होती. उदयशंकरांचे केंद्र अल्मोड्यास होते. दोघांच्याही नृत्यनाट्यांत देव, अप्सरा आणि राजस्त्रिया ह्यांचा वेश लेण्यांतील व मंदिरांतील मूर्तींकडे पाहून घडलेला असे. मूर्तीच्या अंगावरचे वस्त्र कधी झिजत नाही. युद्धकाळात ह्या दोन्ही संस्था बंद पडल्या. अल्मोडा केंद्र १९४४ साली थांबले, आणि तेथे तयार झालेले शांती बर्धन मुंबईस आले.

इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, म्हणजेच ‘इप्टा’, ही संस्था १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत स्थापन झाली होती. बंगालच्या दुष्काळाने तिच्या कार्याला धार आणली. १९४४ साली अंधेरीस तिचे मध्यवर्ती पथक एकत्र राहून तालमी करू लागले. शांती बर्धन ह्यांच्या दिग्दर्शनाखाली त्याच वर्षी ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि पुढे ‘इंडिया इम्मॉर्टल’ ही नृत्यनाट्ये झाली; दुसऱ्याच्या संगीतात रविशंकरांचा प्रमुख वाटा होता. विषय देवादिकांचे नव्हते. परकी सत्ता, जमीनदारी, नफेखोरी, भूक आणि ह्या सर्वांखाली टिकून राहिलेले लोकजीवन हा त्यांचा आशय.

अशा आशयाने वेशाच्या अर्थात एक मूलभूत उलथापालथ होते, आणि अंधेरीच्या प्रयोगांचे खरे महत्त्व मला तेथे दिसते. पूर्वी जरीचे वस्त्र हे नायकाचे वा देवतेचे लक्षण होते. आता तेच नफेखोराचे लक्षण झाले. जाडेभरडे सुती वस्त्र पूर्वी दासीच्या व द्वारपालाच्या वाट्यास येई. आता ते नायकसमूहाचे झाले. ज्या वर्षी बाजारातील प्रत्येक ताग्यावर किमतीचा शिक्का होता, त्या वर्षी रंगमंचावरील प्रत्येक वस्त्रालाही प्रेक्षकाच्या नजरेने शिक्का मारला असणार. रेशीम दिसले की भाव आठवावा, अशी स्थिती होती. दिग्दर्शकाने ह्या नजरेचा उपयोग करून घेतला, तिला टाळले नाही. हा साधेपणा केवळ तत्त्वनिष्ठेचा होता असे म्हणणे भाबडेपणाचे, आणि केवळ नाइलाजाचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. वीस-पंचवीस कलावंतांपुरते कापड मुंबईत मिळवता आले असते. ते अंगावर घालून त्या प्रेक्षकांसमोर उभे राहणे शक्य नव्हते.

येथवर कौतुक. आता आक्षेप. टंचाईच्या काळात सामान्य माणसाच्या अंगावर जाडेभरडे वस्त्र असते, ही समजूत अर्धवट आहे. त्याच्या अंगावर मुख्यतः जुने वस्त्र असते. जुनेर हा मराठी शब्द ह्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. लुगडे मध्यभागी विरले की त्याचा विरलेला भाग कापून काढावयाचा आणि उरलेले दोन धड तुकडे शिवून पुन्हा नेसावयाचे, ह्याला आपल्याकडे दंड घालणे म्हणतात. दंड घातलेल्या लुगड्याची शिवण चालताना दिसते, वाकताना अधिक दिसते. युद्धाच्या वर्षांत मराठी स्त्रीचा वेश कोणता, असे कोणी विचारल्यास मी ह्या शिवणीकडे बोट दाखवीन. नऊवारी मागे पडून पाचवारी रुळली त्याचे श्रेयही काही जण कंट्रोलला देतात. लुगड्यामागे चार वार वाचतात हा हिशेब सोपा आहे. परंतु शहरांतील मुलींचे शिक्षण आणि नोकरी ही कारणे त्याच्या आधीपासून काम करीत होती, आणि खेड्यांत कंट्रोल असूनही नऊवारी टिकली. दंडाच्या शिवणीला असा दुसरा अर्थ लावता येत नाही. ती टंचाईचीच खूण आहे.

रंगमंचाचा स्वभाव ह्याच्या उलट. समूहनृत्यातील वेश एका वेळी, एका ताग्यातून, एका मापाने शिवले जातात. त्यामुळे शेतकरी वीस असले तरी वीसही जणांची वस्त्रे एकाच वयाची असतात. भरडेपणा दाखवता येतो. जुनेपणा दाखवण्यास प्रत्येक वस्त्राला वेगळा इतिहास द्यावा लागतो, आणि एकसंध हालचालीच्या सौंदर्याला ते परवडत नाही. परिणामी ‘लोक’ हा शब्द गणवेशासारखा दिसू लागतो. सिंधूच्या रेशमावरील ठिगळाकडे परत पाहावे ते येथे. द्रव्य खोटे होते, पण वस्त्राला भूतकाळ असतो ही जाणीव तेथे होती. अंधेरीच्या धाटणीत द्रव्य खरे झाले आणि भूतकाळ गळाला. मराठी नाट्यसमीक्षेने पहिल्या दोषाची थट्टा केली. दुसऱ्याकडे तिचे लक्षच गेले नाही.

ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण लंबाडी नृत्याचे आहे. इप्टाच्या पथकाने स्वीकारलेल्या लोकनृत्यांत ते होते, आणि पुढे शाळा-महाविद्यालयांच्या संमेलनांतून ते देशभर पसरले. हैदराबादकडे लंबाडी म्हणतात तो समाज आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बंजारा म्हणून तांड्यातांड्यांतून राहतो. बंजारा स्त्रीचा फेटिया आणि काचळी पाहिली की दिसते ते असे : निरनिराळ्या रंगांचे तुकडे, त्यांवर घट्ट टाके, आरसे, कवड्या, नाणी. हे वस्त्र एका दिवसात शिवलेले नसते. विरलेला तुकडा निघतो, नवा बसतो, टाका पुढे चालू राहतो. डागडुजी आणि अलंकरण ह्या दोन क्रिया ह्या वेशात वेगळ्या करता येत नाहीत. टंचाईला वेशाने दिलेले इतके परिपक्व उत्तर मला दुसरीकडे आढळले नाही. संमेलनाच्या व्यासपीठावर मात्र ह्याच वेशाचे रूपांतर एकसारख्या आठ घागऱ्यांत होते, आणि प्रेक्षक त्याला समृद्धीचा, उत्सवाचा वेश समजून टाळ्या वाजवतात.

शांती बर्धन ह्यांना ह्या अडचणीची जाणीव झाली होती की काय, हे त्यांच्या नंतरच्या कामावरून तर्काने ठरवावे लागते. १९५२ साली त्यांनी मुंबईत लिटल बॅले ट्रूप स्थापन केली आणि ‘रामायण’ उभे केले. त्यात नर्तक कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे हालतात. मुखवटे आणि वस्त्रे कोनाकोनांची, ताठ. बाहुलीच्या अंगावरचे कापड जुने आहे की नवे, महाग की स्वस्त, हा प्रश्नच उद्भवत नाही. तिचा वेश कापडाच्या मोलावर उभा नसतो, बेतण्यावर उभा असतो. अंधेरीच्या काळातील काटकसर येथे शैली झाली, आणि नृत्यनाट्य म्हणून ‘रामायण’ हे त्या आधीच्या प्रयोगांपेक्षा निःसंशय श्रेष्ठ आहे. १९५४ साली बर्धन वारले; मंडळी पुढे १९६४ साली ग्वाल्हेरला गेली आणि नंतर भोपाळला स्थिरावली. दंड घातलेल्या लुगड्याची शिवण मात्र नर्तकीच्या गिरकीबरोबर प्रेक्षकांसमोर यावयाची राहिली ती राहिलीच.