मोडीतील वस्तू आणि संग्राहकाची दृष्टी : केळकर संग्रहालय व ओऱ्हान पामुक यांचे 'निरागसतेचे संग्रहालय'

प्रस्तावना :

घरातून बाहेर पडलेली वस्तू आणि संग्रहालयाच्या काचेमागे जाऊन बसलेली वस्तू यांच्यामध्ये एक टप्पा असतो. तो जुन्या बाजाराचा, भंगारवाल्याच्या दुकानाचा, मोडीच्या तराजूचा टप्पा होय. वस्तुसंग्रहाविषयीच्या आपल्याकडील लेखनात या टप्प्याकडे फारसे लक्ष दिले गेलेले दिसत नाही. संग्राहकाची चिकाटी, त्याने सोसलेला खर्च, त्याची भटकंती यांचे कौतुक होते व ते योग्यही आहे. परंतु वस्तू ज्या घरातून निघाली त्या घराचे काय झाले, ती विकणाऱ्याला काय मिळाले आणि तिच्याबरोबर काय पुसले गेले, हे प्रश्न या कौतुकात मागे पडतात. प्रस्तुत लेखात दोन संग्रहालयांच्या संदर्भात या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. पहिले पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय. दुसरे तुर्की कादंबरीकार ओऱ्हान पामुक यांनी इस्तंबूल येथे २०१२ साली उघडलेले, त्यांच्याच २००८ च्या कादंबरीचे नाव धारण करणारे संग्रहालय. एक कवीने उभारलेले, तर दुसरे कादंबरीकाराने. दोन्ही संग्रहालये मृत व्यक्तीच्या स्मृतीला वाहिलेली आहेत. फरक इतकाच की, त्यांतील एक व्यक्ती खरी होती व दुसरी काल्पनिक आहे.

मोडीचा अर्थ :

मायकेल थॉम्प्सन यांनी 'रबिश थिअरी' (१९७९) या ग्रंथात वस्तूंच्या मूल्याविषयी एक उपयुक्त मांडणी केली आहे. काही वस्तूंचे मूल्य काळाबरोबर घटत जाते, काहींचे वाढत जाते. आणि या दोन गटांमध्ये मूल्यहीन वस्तूंचा, म्हणजे कचऱ्याचा, एक तिसरा गट असतो. घटत्या मूल्याची वस्तू वाढत्या मूल्याच्या गटात जाते ती या कचऱ्याच्या अवस्थेतून. ज्या वस्तूकडे कोणाचेही लक्ष नाही, तीच कोणी चाणाक्ष माणूस उचलू शकतो. थॉम्प्सन यांच्या मांडणीतील महत्त्वाचा मुद्दा असा की, हे स्थित्यंतर वस्तूच्या अंगभूत गुणामुळे घडत नाही. ते घडवून आणण्याची सामाजिक ताकद ज्यांच्याकडे असते, ते लोक ते घडवतात.

मराठी भाषेने हा व्यवहार फार पूर्वीच नेमका ओळखला आहे. 'मोडीत घालणे' या शब्दप्रयोगात वस्तूचा आकार रद्द होऊन केवळ वजन उरते. समई असो, पानाचा डबा असो वा अभिषेकपात्र. मोडीत सर्व काही पितळ. स्टेनलेस स्टीलची भांडी मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांत स्थिरावली, तेव्हा कल्हईचा त्रास चुकला म्हणून घरोघरच्या तांब्यापितळेला हीच वाट दाखवली गेली. हा निर्णय बहुधा घरातील स्त्रीचा होता आणि तिच्या दृष्टीने तो पूर्णपणे शहाणपणाचा होता. राखेने व चिंचेने भांडी घासणाऱ्या हातांना पितळेच्या सौंदर्याविषयी व्याख्यान देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला आहे, असा प्रश्न येथे विचारावासा वाटतो. बोहारणीने जुनी लुगडी घेऊन स्टीलचे पातेले दिले तेव्हा घासाघीस कसून होत असे, पण निदान दोन्ही बाजूंना व्यवहार कळत होता. आजच्या 'विंटेज' व्यापारात एकाच बाजूला तो कळतो. विकणाऱ्याला किलोचा भाव ठाऊक असतो, घेणाऱ्याला शतकाचा. या दोन भावांतील अंतरावरच ही आवड आणि तिचा व्यापार उभा आहे.

केळकरांची दृष्टी :

दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास सुरू झालेल्या त्यांच्या संग्रहाला पुढे अकाली निवर्तलेल्या मुलाचे, राजाचे, नाव देण्यात आले. सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह त्यांनी अखेरीस महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एका व्यक्तीने पत्नी कमलाबाई यांच्या साथीने खेडोपाडी फिरून केलेले हे काम आहे. राजवाड्यांतील रत्ने व सिंहासने गोळा करणे त्यांना शक्य नव्हते आणि ते त्यांचे ध्येयही दिसत नाही. अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती, पानदाने, पाय घासावयाच्या वज्री, शेवया करण्याची साधने हा त्यांच्या संग्रहाचा गाभा आहे. लोकांनी रोज हाताळलेल्या आणि म्हणूनच कोणालाही कला न वाटलेल्या या वस्तू होत.

या निवडीत कवीची दृष्टी दिसते, असे माझे मत आहे. वज्रीचे काम टाचेचा मळ काढणे. त्या कामासाठी तळाशी खडबडीत पृष्ठभाग असला की पुरे. तरीही घडवणाऱ्याने तिच्या मुठीच्या जागी पक्षी बसवला. अडकित्त्याला सुपारी कातरण्यापुरती धार हवी. त्याच्या दांड्यांचे पोपट, घोडे वा स्त्रीपुरुषांची जोडी होण्याचे काहीच कारण नव्हते. हे 'कारण नसलेले' नेमके ओळखणे आणि एक अडकित्ता नव्हे, तर शेकडो अडकित्ते शेजारीशेजारी ठेवून तो अपवाद नसून एक परंपरा आहे हे सिद्ध करणे, हे केळकरांचे मोठे कार्य होय. १९६१ साली प्रकाशित झालेल्या त्यांच्या भारतीय दिव्यांवरील इंग्रजी पुस्तकातही हीच पद्धत आहे. वॉल्टर बेन्यामिन यांनी संग्राहकाविषयी म्हटले आहे की, तो वस्तूंची उपयुक्ततेच्या वेठबिगारीतून सुटका करतो. केळकर संग्रहालयातील दिव्यांच्या दालनात हे विधान शब्दशः खरे ठरते. तेथे एकही दिवा उजेड देण्यासाठी नाही.

तथापि, या सुटकेची किंमतही लक्षात घ्यावयास हवी. सुझन स्टुअर्ट यांनी 'ऑन लाँगिंग' (१९८४) मध्ये आठवणवस्तू आणि संग्रह यांत भेद केला आहे. आठवणवस्तू भूतकाळाशी नाते राखते. संग्रहात मात्र काळाची जागा वर्गीकरण घेते. केळकर संग्रहालयाच्या नोंदींचा ढंग वस्तू, प्रदेश, शतक असा आहे. शेजारच्या चार अडकित्त्यांशी या अडकित्त्याचे नाते काय, हे आपल्याला कळते. तो कोणाच्या चंचीत होता, कोणत्या अडचणीत विकला गेला, हे कळत नाही. गेल्या शतकात महाराष्ट्रातील जुनी घरे ज्या कारणांनी रिकामी झाली ती सर्वांना ठाऊक आहेत : १९४८ ची जाळपोळ, कूळकायदा, शहरांकडील स्थलांतर, पुण्यापुरते बोलायचे तर १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर. या उलथापालथींत मोडीत निघालेल्या सामानाचा इतिहास हा सामाजिक इतिहासाचाच भाग आहे आणि तो कलेच्या इतिहासात विरघळून गेला आहे.

आणखी एक विलक्षण गोष्ट नोंदवली पाहिजे. ज्या राजाचे नाव या संग्रहालयाला आहे, त्याच्या नावाने उभ्या असलेल्या दालनांत सर्वत्र इतरांच्या वस्तू आहेत. एका मुलाच्या नावाने हजारो अनामिकांची घरे एकत्र आली. पित्याच्या दुःखाने सर्वांच्या वस्तूंना आश्रय दिला, मात्र नाव एकालाच मिळाले. हे दोषदिग्दर्शन नव्हे. संग्रह नावाच्या कृतीत हा ताण मुळातच असतो.

पामुक यांचा उलटा मार्ग :

पामुक यांनी हाच ताण कादंबरीचा विषय केला. कथा १९७५ च्या इस्तंबूलमध्ये सुरू होते. श्रीमंत घरातील केमाल आपल्या वाग्दत्त वधूसाठी एक उंची हातपिशवी विकत घेतो, ती नकली निघते, आणि ती परत करण्याच्या निमित्ताने दुकानात काम करणाऱ्या फ्युसून या दूरच्या नात्यातील मुलीशी त्याचे संबंध जुळतात. पुढे तिचे लग्न दुसऱ्याशी होते. केमाल तिच्या आईवडिलांच्या घरी सुमारे आठ वर्षे जेवावयास जात राहतो आणि तेथून मीठदाणी, केसांचे चिमटे, चिनी मातीचे कुत्रे, तिने ओढलेल्या सिगारेटींची थोटके उचलून आणतो. तिच्या मृत्यूनंतर तेच घर तो संग्रहालय करतो. मूळ तुर्की शीर्षकातील 'मासुमियत' हा शब्द मराठी वाचकाला भाषांतराशिवाय कळावा असा आहे; त्यातील उपरोधही.

लेखनप्रक्रियेच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, पामुक यांनी कादंबरी लिहून मग संग्रहालय सजवले नाही. चुकुरजुमा या भंगार व जुन्या सामानाच्या दुकानांच्या वस्तीतील इमारत त्यांनी १९९९ मध्येच विकत घेतली होती. दुकानांत सापडलेल्या वस्तू टेबलावर ठेवून त्यांच्याभोवती प्रसंग रचले गेले. कादंबरीची प्रकरणे ८३ आणि काचेची कपाटेही ८३. एका भिंतीवर ४२१३ थोटके टाचलेली आहेत आणि प्रत्येकाखाली हस्ताक्षरात टीप आहे. या संग्रहालयाला २०१४ साली युरोपातील वर्षाच्या सर्वोत्तम संग्रहालयाचा पुरस्कार मिळाला.

केळकर वस्तूला वर्ग देतात, पामुक तिला चरित्र देतात. पण ते चरित्र बनावट आहे आणि ते बनावट असल्याचे प्रेक्षकाला माहीत असते. यात एक प्रामाणिकपणा आहे. 'अठरावे शतक, राजस्थान' असे सांगून कालपरवा घडवलेली पितळी मूर्ती विकणाऱ्या दुकानदारापेक्षा, किंवा मुंबईच्या चोरबाजारात नव्या भोंग्याला जुने यंत्र जोडून 'अस्सल' ग्रामोफोन विकणाऱ्यापेक्षा पामुक अधिक सचोटीचे आहेत. कथेचा आरंभ नकली पिशवीपासून होतो, हा योगायोग नव्हे. वस्तूचा अस्सलपणा वस्तूत नसून तिच्याभोवतीच्या भावनेत असतो, असे ही कादंबरी सुचवते.

येथेच माझा आक्षेप आहे. चुकुरजुमा ही बेयोअलू भागातील वस्ती आहे. ६-७ सप्टेंबर १९५५ रोजी याच भागात ग्रीक, आर्मेनियन व ज्यू रहिवाशांची दुकाने आणि घरे फोडली गेली. १९६४ मध्ये ग्रीक नागरिकत्व असलेल्या हजारो इस्तंबूलवासीयांना देश सोडावा लागला व बरोबर केवळ वीस किलो सामान नेण्याची मुभा मिळाली. उरलेले सामान कोठे गेले असेल, हे सांगण्यास संशोधकाची गरज नाही. अशा शहरातील भंगाराच्या दुकानात सापडलेल्या कपबशीला 'ही फ्युसूनची' असे म्हटले की, कल्पित स्त्रीला एक कप मिळतो आणि खऱ्या कोणा स्त्रीचा कप दुसऱ्यांदा हिरावला जातो. पामुक यांना हा इतिहास अपरिचित नाही; त्यांच्या निवेदकाला मात्र स्वतःच्या दुःखापलीकडे पाहण्यास सवड नाही. केमालची आत्ममग्नता ही लेखकाने जाणीवपूर्वक केलेली टीका आहे, असा बचाव करता येईल व कादंबरीपुरता तो मला मान्य आहे. परंतु संग्रहालयात निवेदक नसतो. तेथे वस्तू प्रत्यक्ष समोर असते. कादंबरीतील उपरोध काचेच्या कपाटात तेवढाच पोहोचतो का, याविषयी मी साशंक आहे. ज्या प्रेक्षकाने कादंबरी वाचलेली नाही, त्याला तेथे एका हरवलेल्या काळाची गोड हुरहूर तेवढी मिळेल. फ्युसूनला स्वतःला काय हवे होते (तिला चित्रपटात काम करावयाचे होते) हे तिच्या चिमट्यांवरून आणि थोटकांवरून समजत नाही.

'संग्राहक' या शीर्षकाच्या ८२ व्या प्रकरणात पामुक यांनी संग्राहकांचे दोन प्रकार केले आहेत : संग्रहाचा अभिमान बाळगून तो जगाला दाखवू पाहणारे, आणि संग्रहाची लाज वाटून तो दडवणारे. केळकर निःसंशय पहिल्या प्रकारातले. त्यांच्या अभिमानाने आपल्याला अडकित्ता पाहण्याची दृष्टी दिली. दुसऱ्या प्रकारातील लोकांविषयी पामुक ज्या सहानुभूतीने लिहितात, तो मला या कादंबरीचा सर्वांत सकस भाग वाटतो. रद्दीने व डब्यांनी भरलेल्या खोल्यांत राहणारी ही माणसे शेजाऱ्यांच्या दृष्टीने वेडी असतात. थॉम्प्सन यांच्या परिभाषेत बोलायचे तर, कचऱ्याचे मूल्यवान वस्तूत रूपांतर करण्याची सामाजिक ताकद त्यांच्याकडे नसते.

महाविद्यालयीन पातळीवर या चर्चेचा एक व्यावहारिक संदर्भ आहे. अलीकडे अनेक महाविद्यालयांतून इतिहास व मराठी विभागांच्या वतीने जुन्या वस्तूंची दालने उभी राहत आहेत. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंविषयी जी बंधने आहेत, त्यांची माहिती घेणे हे पहिले काम. पण कायदा वस्तूचे वय विचारतो, तिचे घर विचारत नाही. आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांकडून वस्तू जमवताना नोंदवहीत 'कोणाची' आणि 'का सोडली' असे दोन रकाने ठेवले होते. घरून आणलेल्या वस्तूंपुढे आजीचे, पणजीचे नाव आले. 'का सोडली' याखाली 'गिरणी आली', 'वाटणी झाली', 'जड झाले' अशी दोन-तीन शब्दांची उत्तरे आली. बाजारातून विकत आणलेल्या वस्तूंपुढचे दोन्ही रकाने कोरे राहिले, आणि दालनात सर्वांत देखण्या त्याच होत्या.