कंठस्थ ओवी : कारुण्य आणि संयम

नेवासे येथे शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका ओवीत रचली, तेव्हा त्या छंदामागे स्त्रियांच्या श्रमगीतांची परंपरा उभी होती. महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आढळतो. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचे नाव वाङ्मयेतिहासात ग्रंथस्थ ओवीशी निगडित झाले. पहाटे जात्यावर गाइली जाणारी कंठस्थ ओवी मात्र समीक्षेने बहुधा समाजशास्त्राच्या स्वाधीन केली. तिच्यातून सासुरवासाची, माहेरच्या ओढीची माहिती वेचण्यात आली. वाद्याविना चाललेले हे उदास गायन श्रोत्यास का धरून ठेवते, हा प्रश्न मागेच राहिला.

कारुण्य हे त्याचे उत्तर पुरेसे नाही. कारुण्य भावगीतातही विपुल असते. पण तेथे चाल आणि वाद्यमेळ श्रोत्याने काय अनुभवावे हे आधीच सुचवितात. ओवीची चाल मोजक्या स्वरांत फिरते, आणि भावाच्या कौतुकास जी चाल, तीच सीतेच्या वनवासासही चालते. चाल अर्थाविषयी तटस्थ राहते, म्हणूनच अर्थाचा भार शब्दांना एकट्याने वाहावा लागतो.

शब्दयोजनाही तितकीच काटकसरीची असते. पहिल्या चरणात पुष्कळदा परिचित दृश्य येते. दुसऱ्यात एखादी वस्तुस्थिती सांगितली जाते. दोहोंना सांधणारे कारणदर्शक अव्यय सहसा नसते. ‘बाई’, ‘गं’, ‘सये’ ही संबोधने अर्थदृष्ट्या रिकामी भासली, तरी ती उत्तरार्ध लांबवितात आणि श्रोत्यास वाट पाहावयास लावतात. सीतेच्या ओव्यांत ‘ती’ आणि ‘मी’ यांतील सीमा पुसट होते. स्वतःचे गाऱ्हाणे प्रथमपुरुषी न मांडताही गाणारी ते मांडून जाते.

इंग्रजी लोकगीतांशी तुलना येथे उद्बोधक ठरते. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात प्रसिद्ध केलेल्या ३०५ कथागीतांपैकी अनेकांत खून आणि बुडून मरणे भाष्याविना सांगितले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी सेसिल शार्प यांनी अशा गीतांना पियानोची साथ जोडून ती प्रसिद्ध केली. पुढे शर्ली व डॉली कॉलिन्स या भगिनींच्या १९७० मधील ‘लव्ह, डेथ अँड द लेडी’ या ध्वनिमुद्रिकेत मृत्यूची गीते मोजक्या साथीने गाइली गेली. तेथील विरळपणा ही कलावंताने केलेली निवड होती. ओवीचे तसे नाही. शिवाय ती साथीविना असते हेही अर्धसत्यच होय. जात्याची घरघर हीच तिची साथ, आणि खुंट्याच्या फेऱ्याशीच गाणारीचा श्वास जुळलेला असतो.

हा भेद आज विशेष महत्त्वाचा आहे. हेमा राईरकर व गी प्वातवें यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ने त्या प्रकाशात आणल्या. पिठाच्या गिरणीने जाते मागे टाकल्यावर ओवी ध्वनिमुद्रणातून श्रोत्याकडे येते, आणि तिचा उघडा, काळवंडलेला स्वर केवळ अभिरुचीचा विषय होण्याचा संभव निर्माण होतो. उलट, तिला निव्वळ दुःखाचा पुरावा मानल्यास गाणारीचे भाषेवरील प्रभुत्व दृष्टीआड होते.

ज्या घरात सासू शेजारच्या खोलीत निजलेली असे, तेथे उघड तक्रार करणे शक्य नव्हते. तटस्थ चाल, गाळलेले कारण आणि सीतेच्या नावाचा आडोसा यांमुळे तेच गाऱ्हाणे सर्वांच्या कानांवर घालूनही बोलणारीला नामानिराळे राहता येई. ओवीतील संयम हा अशा रीतीने बोलण्याचा मार्ग होता. तो ओळखल्यावाचून तिच्या आकर्षणाची मीमांसा पूर्ण होणार नाही.