वैरी घरातला की बाहेरचा?

बाबुराव अर्नाळकरांचे धनंजय-छोटू वाचत आमची पिढी मोठी झाली. त्यामुळे शेरलॉक होम्स आम्हांला परका नाही. नातवंडांना घेऊन आम्ही नुकताच १९८५ सालचा 'यंग शेरलॉक होम्स' हा चित्रपट पाहिला. दिग्दर्शन बॅरी लेव्हिन्सन यांचे, लेखन ख्रिस कोलंबस यांचे. चित्रपट आवडला, पण एक गोष्ट खटकली. ती वाचकांपुढे ठेवतो.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातले लंडन. होम्स व वॉटसन एकाच शाळेत आहेत. (मूळ कथांत त्यांची ओळख मोठेपणी होते.) विषारी काटा टोचून भयंकर भास होतात आणि प्रतिष्ठित माणसे एकामागून एक प्राणास मुकतात. माग काढीत होम्स पोहोचतो तो आपल्याच तलवारबाजीच्या शिक्षकापाशी, प्रोफेसर रेथपाशी. ज्याच्याकडून विद्या घेतली तोच वैरी निघतो आणि त्याच्याच गोळीने होम्सची एलिझाबेथ जाते. पुढे आयुष्यभर एकटा राहणारा होम्स इथे घडला, हे आपल्याला पटते. निकोलस रो या तरुण नटाने हे दुःख फार संयमाने दाखविले आहे.

शेवटी नामावली संपल्यावर कळते की रेथ जिवंत आहे व तोच पुढे मोरिआर्टी होणार. आमची तक्रार इथे आहे.

कॉनन डॉयल यांनी मोरिआर्टी आणला तो १८९३ च्या डिसेंबरात, 'द फायनल प्रॉब्लेम' या कथेत. चांगल्या कुळातला, गणिताचा प्राध्यापक, एकविसाव्या वर्षी द्विपद प्रमेयावर प्रबंध लिहिणारा! 'द साइन ऑफ फोर'मध्ये संकटाचे मूळ डॉयलनी आग्र्याच्या खजिन्यात ठेवले, 'द स्पेकल्ड बँड'मधला साप हिंदुस्थानातून आणला. परंतु होम्सचा सर्वांत मोठा वैरी त्यांनी बाहेरून आणला नाही. तो विलायतेच्याच विद्यापीठातून निघाला, म्हणून तर त्याची धास्ती वाटते.

चित्रपटाने त्याला अर्धा इजिप्तचा केले. लंडनच्या पोटात पिरॅमिड, मुंडण केलेले भक्त, मुलींचे बळी! वास्तविक रेथच्या सूडाला कारण आहे. इंग्रज व्यापाऱ्यांनी हॉटेलासाठी जमीन खणताना तिथल्या थडग्यांची विटंबना केली. गावकरी उठले तेव्हा फौजेने गावावर हल्ला केला, त्यात त्याचे आईबाप गेले. ही कैफियत एका पात्राच्या तोंडून घाईघाईने उरकली आहे. डोळे दिपविणारे देखावे मात्र पोटभर.

आळीत चोरी झाली की पहिली नजर नव्याने राहायला आलेल्यावर जाते. देश बदललेल्या आपल्या माणसांना हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच डॉयलची ती कथा आम्हांला अधिक धीट वाटते.

चित्रपट मुलांना जरूर दाखवा. मग मूळ कथाही वाचून दाखवा आणि विचारा, कोणत्या मोरिआर्टीची भीती जास्त वाटली? आमच्या घरी या प्रश्नावर जेवणे थंड झाली.