निम्न वारंवारतेचे विद्युतचुंबकीय क्षेत्र आणि किशोरवयीनांची क्रीडाक्षमता : एक चिकित्सा

उच्चदाब वाहिन्या वा रोहित्र यांच्या सान्निध्यात सराव करणाऱ्या किशोरवयीन खेळाडूंची कामगिरी खालावते, असे प्रतिपादन अधूनमधून केले जाते. भाईंदर पूर्वेतील गोडदेवसारख्या दाट वस्तीत या प्रतिपादनास व्यावहारिक महत्त्व आहे. ते पुराव्यावाचून ग्राह्य धरल्यास मुलांना खेळण्यासाठी उरलेल्या थोड्या जागांपैकी काही त्यांच्या हातून जातील.

या चर्चेत प्रथम एक गल्लत आढळते. मोबाइल मनोऱ्यांच्या लहरी शेकडो मेगाहर्ट्झ व त्यापुढील असतात. आपल्याकडील विजेची वारंवारता केवळ ५० हर्ट्झ आहे. केंद्र शासनाने २०१२ मध्ये उत्सर्जनाची मर्यादा एक दशांशावर आणली ती मनोऱ्यांसाठी. तारांच्या संदर्भात तिचा दाखला अप्रस्तुत ठरतो.

५० हर्ट्झच्या क्षेत्राविषयी शास्त्रीय साहित्यात टिकून राहिलेली चिंता बालकांच्या रक्ताच्या कर्करोगासंबंधी आहे. त्याआधारे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये या चुंबकीय क्षेत्राचा समावेश '२ ब' वर्गात केला. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये हा पुरावा कार्यकारणभाव सिद्ध करण्याइतका सबळ नसल्याचे नमूद केले. हा सांख्यिकीय संबंध ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाहून अधिक सरासरी क्षेत्रात दिसतो. मज्जातंतू व स्नायू थेट उद्दीपित होण्यास मात्र याच्या हजारो पट क्षेत्र लागते. कर्करोगाविषयीची शंका धावण्याच्या वेगाविषयीच्या दाव्यास उसनी देता येत नाही.

खरा दोष पद्धतीत आहे. तारांजवळची मुले आणि दूरची मुले यांची तुलना करताना वयाचा आकडा समान धरला जातो. परंतु तेरा वर्षांच्या दोन मुलांच्या शारीरिक परिपक्वतेत दोन-तीन वर्षांचे अंतर सहज असते. आहार, झोप, उकाडा, मैदानाचा पृष्ठभाग, प्रशिक्षक हे घटक वेगळेच. मोजमापही फसवे असते. चुंबकीय क्षेत्र दाबावर नव्हे, तर प्रवाहावर अवलंबून असते. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गाचे २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावरील रूपांतर २०१२ मध्ये पूर्ण झाले. तेथे लोकल जाते तसा प्रवाह बदलतो. अशा ठिकाणी एकदाच घेतलेली नोंद निरर्थक होय.

त्याच मुलांची, कृत्रिम क्षेत्र चालू व बंद ठेवून, खेळाडू व परीक्षक दोघांनाही अनभिज्ञ ठेवून वारंवार चाचणी घेतल्याशिवाय हा दावा विचारार्ह ठरत नाही. उघड्या रोहित्राजवळ खेळू न देण्याचे कारण निराळे व निर्विवाद आहे : विजेचा धक्का.