कर्णाचे वकील

कर्णावरच्या फॅनफिक वाचायला लागलात, की पहिल्या दहा-बारातच एक गोष्ट लक्षात येते. द्यूतसभेत कर्ण नसतोच. कधी तो तापाने फणफणलेला असतो, कधी दुर्योधनाने त्याला मुद्दाम अंगदेशाला धाडलेलं असतं. असलाच, तर दुःशासनाचा हात धरायला तोच पहिला उठतो. या प्रकाराला फॅनच्या भाषेत 'फिक्स-इट' म्हणतात. मूळ कथेत जे दुखलं, ते आपण लिहून दुरुस्त करायचं. ऑफिसात बिल्ड चालू असताना फोनवर वाचायला या कथा झकास. मी भरपूर वाचल्यात, अजूनही वाचतो. पण त्यातला कर्ण मला माणूस वाटत नाही, आणि असं का होतं ते नीट बघण्यासारखं आहे.

माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना कर्ण भेटला तो २०१३च्या टीव्ही मालिकेत. त्यानंतर घरातलं जाडजूड 'मृत्युंजय' खाली निघालं. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ची, रणजित देसाईंचं 'राधेय' १९७३चं. म्हणजे कर्णाचा फॅनक्लब आपल्याकडे इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून आहे. 'मृत्युंजय'ला मी फॅनफिक म्हणतो तेव्हा काही लोक चिडतात. मी ते कौतुकानेच म्हणतो. दुसऱ्याच्या कथेतलं पात्र उचलून त्याच्या आत शिरायचं, हे काम सावंतांनी प्रचंड ताकदीने केलं. तिथे कर्ण बोलतो, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण बोलतात, शेवटी कृष्णही बोलतो. द्रौपदीला मात्र निवेदन नाही. हे लक्षात ठेवा.

आता सभापर्व. भीष्म-द्रोण गप्प आहेत. धृतराष्ट्राचा एक मुलगा, विकर्ण, उभा राहून हे चुकतंय म्हणतो. त्याला गप्प कोण करतं? कर्ण. पाच नवरे असलेली बाई ती कसली पत्नी, असा युक्तिवाद तो करतो आणि तिची वस्त्रं उतरवायला सांगतो. रागाच्या भरात तोंडातून शब्द गेला, असं हे प्रकरण नाही. तो मुद्दा मांडून बोलतोय.

यावर वकिलांचं उत्तर ठरलेलं: स्वयंवरात तिने त्याला सूतपुत्र म्हणून नाकारलं होतं ना! गंमत अशी, की पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हा नकार मुख्य संहितेत नाहीच. तो पाठभेदांत गेलाय. हजारो फॅनफिकचा पाया तळटीपेत! अर्थात फॅनला कुठलाही पाठ निवडायची मुभा आहे, माझी तक्रार ती नाही. तक्रार ही, की अपमान झाला म्हणून सूड घेतला, हे गणित पात्राला फार स्वस्तात सोडवतं. अपमानाचं कारण काढून टाका आणि मग विचारा: हा माणूस तिथे सगळ्यात मोठ्याने का बोलला? मला वाटतं, त्या दरबारातली त्याची खुर्ची एका मित्राच्या मर्जीवर उभी होती म्हणून. ज्याची जागा पक्की असते, त्याला गप्प बसणं परवडतं.

हे मी मनाने सांगत नाही. उद्योगपर्वात कर्ण स्वतः जवळपास हेच म्हणतो. युद्धाआधी कृष्ण त्याला जन्माचं रहस्य सांगतो. तू थोरला, राज्य तुझं. सहाव्या काळी द्रौपदीही तुझ्याकडे येईल. म्हणजे फॅन लोक ज्या जोडीसाठी जीव टाकतात, ती इथे मूळ कथेतच चक्क ऑफर केलीय! आणि कर्ण त्या मुद्द्याला हातही लावत नाही. तो राधेबद्दल बोलतो. मला पाहून तिला पान्हा फुटला, तिने माझं मलमूत्र काढलं. अधिरथाने माझे संस्कार केले, लग्नं लावून दिली, मला मुलं-नातवंडं आहेत. ज्याच्या आतल्या घावावर एवढं लिहिलं जातं, तो स्वतःच्या भरल्या घराचा हिशेब देतो. पुढे म्हणतो, दुर्योधनाला खूश करण्यासाठी मी पांडवांना कडू बोललो, त्याचा मला ताप होतो. नीट वाचा. पांडवांना. तिचं नाव तिथे निघत नाही.

पश्चात्ताप आहे, पण अपुरा आहे. समजतंय, तरी बाजू बदलत नाही. हा माणूस मला खरा वाटतो. एखादं पात्र खरं वाटतं ते त्याच्या सवयी आणि संवाद हुबेहूब उतरवल्याने नाही. त्याला काय जमत नाही, काय दिसत नाही, ते लिहिणाऱ्याने सांभाळावं लागतं. फॅनचं प्रेम नेमकं तेच पुसायला धावतं.

आणि पुसल्याची किंमत दुसरंच कोणीतरी भरतं. कोडमध्ये एका ठिकाणी पॅच मारला की भलतीकडेच काहीतरी मोडतं, तसं. कर्ण निर्दोष झाला की द्रौपदीच्या रागाला कारणच उरत नाही. मग ती एकतर घमेंडखोर होते, नाहीतर लपूनछपून त्याच्यावर झुरणारी. दोन्ही प्रकारांत तेरा वर्षं राग जपणारी बाई गायब.

जोडी लावणं हाच दोष, असं मात्र नाही. शाहीर विठ्ठल उमपांनी गाजवलेलं 'जांभूळ आख्यान' घ्या. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी अभिलाषा येते, हाच त्याचा विषय. पण ती इच्छा तिची आहे, तिलाच ती उघड करावी लागते, आणि त्यासाठी कर्णाला धुऊन-पुसून स्वच्छ करायची कोणाला गरज पडत नाही.

युद्ध संपल्यावर, मृतांना पाणी देताना कुंती सांगते की कर्ण तिचा थोरला. युधिष्ठिर कोसळतो, आईवर संतापतो. त्याच्या शोकावर पानंच्या पानं आहेत. त्या घाटावर द्रौपदीही असणार. पाच मुलं नुकतीच गमावलेली, आणि सभेत तिला तसं बोललेला माणूस आता नात्याने तिचा थोरला दीर निघालेला. ती फॅनफिक कोणी लिहिली असेल, तर लिंक पाठवा.