एका मतांतराचा कालनिर्णय

क्लाइव्ह स्टेपल्स लुइस (१८९८–१९६३) या ऑक्सफर्ड येथील पंडिताचें 'सरप्राइज्ड बाय जॉय' हें आत्मवृत्त १९५५ सालीं प्रसिद्ध झालें. नास्तिक्यापासून ख्रिस्ती श्रद्धेपर्यंत झालेला आपला प्रवास त्यांत लेखकानें कथन केला आहे. धर्मदृष्ट्या त्याचा विचार करणारे पुष्कळ आहेत. आम्ही तें येथें केवळ ऐतिहासिक साधन म्हणून तपासणार आहों.

याज्ञवल्क्यस्मृतींत लिखित, भुक्ति व साक्षी अशीं तीन प्रमाणें सांगितलीं आहेत. आत्मवृत्त दिसावयास लिखित असलें तरी वस्तुतः तो उशिरां दिलेला साक्षीचा जबाब होय. त्याची पारख समकालीन लिखितानेंच झाली पाहिजे. मॅक्डोनल्डकृत 'फॅन्टास्टीस' हें पुस्तक आपण ऑक्टोबरांतील एका सायंकाळीं घेतलें असें लुइस सांगतात. परंतु त्याची वार्ता मित्र आर्थर ग्रीव्ह्ज यांस देणारें पत्र ७ मार्च १९१६ चें आहे. साक्षीच्या स्मृतीचा भरंवसा किती, हें येथेंच कळतें.

मुख्य वाद याहून मोठा आहे. आपण ईश्वरास शरण गेलों तें १९२९ च्या ट्रिनिटी सत्रांत, म्हणजे उन्हाळ्यांत, असें आत्मवृत्त म्हणतें. अॅलिस्टर मॅक्ग्राथ यांनीं २०१३ सालीं पत्रांच्या आधारें तें वर्ष १९३० ठरविलें. अँड्र्यू लॅझो यांनींही लुइस यांच्या आत्मवृत्ताचा एक जुना हस्तलिखित खर्डा उजेडांत आणून तोच पक्ष स्वीकारला. ओवेन बार्फील्ड यांस लिहिलेल्या ३ फेब्रुवारी १९३० च्या पत्रांत लुइस अद्याप त्या तत्त्वाशीं झगडतांना दिसतात. म्हणून आम्हांसही हा निर्णय ग्राह्य वाटतो.

एका वर्षानें काय बिघडतें, असें कोणी विचारील. लुइस यांचे वडील २५ सप्टेंबर १९२९ रोजीं वारले. त्या मृत्यूचा या कथेशीं संबंध नाहीं, असें ग्रंथकार स्वतः लिहितात. १९२९ ची मिती खरी असती तर हें विधान निर्विवाद ठरतें, कारण शरणागति आधीं व मृत्यु मागाहून. १९३० धरल्यास क्रम उलटतो, आणि हा नकार तपासणें भाग पडतें. शोकानेंच श्रद्धा उत्पन्न झाली असें आम्ही म्हणत नाहीं. काकतालीय न्यायाचें भय आम्हांस आहे. परंतु लेखकाच्या शब्दानें तो प्रश्न आतां मिटत नाहीं.

उलट, १९३१ च्या सप्टेंबरांत व्हिप्स्नेडच्या वाटेवर ख्रिस्तावर विश्वास जडल्याचें जें वर्णन आहे, त्यास १ ऑक्टोबर १९३१ चें पत्र पुष्टि देतें. म्हणजे टप्प्यांचा क्रम स्मृतीनें राखला. वर्ष तेवढें चुकलें. ग्रंथकार असत्य बोलले असें यावरून ठरत नाहीं.

बाबा पदमनजी यांच्या 'अरुणोदय' (१८८८) या आत्मवृत्तासही हीच कसोटी लाविली पाहिजे. ग्रीव्ह्ज यांनीं मित्राचीं पत्रें जपलीं म्हणून वरील निर्णय शक्य झाला. संग्राहकांनीं जुन्या दप्तरांतील घरगुती पत्रें क्षुल्लक समजून टाकूं नयेत, इतकीच विनंति. इत्यलम्.